बारा वाजताची सावली

त्या दुपारी बापूकाकांच्या गच्चीवर मी अक्षरशः नाचत होतो. पायाखाली लादी तापलेली आणि तिकडे नंदेसरीला जाणारी माझी कंपनीची बस सुटायच्या बेतात.

बापूकाका आमचे दांडिया बाजारातले शेजारी, रेल्वेतले निवृत्त गार्ड. जूनमध्ये एक दिवस सूर्य बडोद्याच्या बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. ते दाखवायला काकांनी कुंडीत काठी रोवून सगळी बिल्डिंग वर बोलावली होती.

"दुर्बीण नाही, काही नाही. आपल्या पूर्वजांनी एवढ्याशा काठीवर आकाश मोजलं. ठीक बाराला बघा."

बारा वाजले. सव्वाबारा झाले. सावली चांगली चार बोटं शिल्लक.

"चालो काका, आवजो," म्हणत पटेलभाई उतरले, आणि त्यांच्यामागे बाकीचे.

"काका, माझी बस जाईल."

"थांब रे. पूर्वज चुकायचे नाहीत."

"पूर्वज नाही चुकले. ते आपल्या गावची दुपार सूर्यावरून ठरवायचे. तुमचं घड्याळ सगळ्या देशाचं आहे. बडोदं पश्चिमेकडे, इथली दुपार अजून व्हायचीय."

काकांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं.

बारा पस्तीसला सावली काठीच्या बुंध्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. बस केव्हाच गेली होती. मला वाटलं, आता काका पूर्वजांना हात जोडतील. त्यांनी काठीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि मान हलवली.

"पस्तीस मिनिटं लेट. आमच्या वेळी लेखी खुलासा द्यावा लागला असता."