गच्चीचं नाव नसलेली यादी

"भिंत पाडायची नाही म्हणजे नाही!" मी माझ्या लेकाला, राहुलला, तिसऱ्यांदा सांगितलं. नोएडात भाड्याने द्यायला म्हणून घेतलेलं आमचं पहिलं घर, दुरुस्तीचे पैसे माझ्या फंडातले, आणि त्याने आणलेली डिझायनर मलाच शिकवत होती, "आंटी, ओपन किचन के बिना आजकल टेनंट नहीं आता."

"और तड़के का धुआँ बेडरूम में जाएगा, वो?"

"चिमनी लगेगी ना, आंटी."

मी शाळेत गेले नाही. वाचायला माझी मीच शिकले, त्यामुळे कागद हातात आला की शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. तिने दिलेल्या कामांच्या यादीत काचेचं दार होतं, झुंबर होतं, कुंड्यांवर पाडायचा उजेडसुद्धा होता. गळक्या गच्चीचं मात्र नाव नव्हतं.

"आई, गच्ची कोण बघतं यार?" आमचे चिरंजीव म्हणाले. "भाडेकरूला काय हवं असतं, ते तुला नाही कळणार."

आता तुम्हीच सांगा, गप्प बसायचं का? मी म्हटलं, "राहुल, दिल्लीत त्या मुनिरक्यात सहा वर्षं तू भाडेकरूच होतास, छत गळून गादी भिजली की मला फोन करून रडायचास, किचनला भिंत आहे म्हणून एकदा तरी रडलास का रे?"