बटणाचा भोंगा

— दाराला कडी कावून लावलीस, दीपमाला?

— मांजर येतं. तुमी तपासा ना, शिवशंकरदादा. गॅस सुटला की वरडणारं हे मशीन तुमीच बसवलंय. त्या दिवशी गॅस सुटला अन् हे गप. आईला सर्दी, वास कळला न्हाई. काडी ओढली. दोनी हात अन् तोंड भाजलं. अजून बीडच्या दवाखान्यात हाय.

— लई वाईट झालं. पण शाळा सोडलेली पोरगी तू, तुला काय कळतं मशीनीतलं? हे बघ, बटण दाबतो.

(भोंगा वाजतो.)

— ऐकलंस? अख्ख्या चौसाळ्यात बसवलीत, एक तक्रार न्हाई.

— वाजलं की! मग आता खरंखुरं बी बघू.

— ए! शेगडीचा खटका कावून फिरवला?

— काडी न्हाई लावत. नुसता गॅस. खिडकीत पोतं कोंबलंय. तुमचं मशीन वरडलं की बंद करते.

— येडी झालीस का? ठिणगी पडली तर दोघं बी जाऊ!

— मी बी हितंच हाय की. भरवसा न्हाई व्हय मशीनवर?

— वाजंना गं हे... थांब, बघू दे. ह्या भोकांत काय कोंबलंय? हळद-कुंकू?

— दसऱ्याला पूजा केलती. शिलाई मशीनला लावलं, मोटारसायकलला लावलं, ह्याला बी लावलं. आईनं चांगलं बोट भरून.

— मग झालं ना! तिथूनच गॅस आत जातो. चूक तुमची.

— आईची चूक, कबूल. तिनं भोगली. पण दिवाळीत तुमी तपासायला आलतात. चकल्या हाणल्या. मशीनच्या पांढऱ्या डबीवरचं कुंकू दिसलं न्हाई?

— दिसलं... बटण दाबलं, वाजलं, म्हणून ओके म्हणलो.

— बटणानं काय कळतं?

— भोंगा चालू हाय, एवढंच.

— अन् त्याला गॅस कळतो का न्हाई ते?

— ते जरासा गॅस सोडून बघावं लागतं. घरोघर कुठं एवढा टाइम असतो?

— आज हाय. बसा.

— दीपे, डोकं गरगरायलंय. पाया पडतो, बंद कर.

— पाया नका पडू. फोन काढा. गावाच्या ग्रुपवर बोला, काय केलं ते.

— धंदा बुडंल माझा!

— आईच्या बोटांची कातडी सोलून निघाली, दादा. धंद्याचं काय घेऊन बसलात?

— बोलतो, बोलतो... "मी शिवशंकर. जी मशीनं बसवली, त्यातलं एक बी गॅस सोडून तपासलं न्हाई. नुसतं बटण दाबलं." झालं! पाठवलं! कर बंद!

— केलं. पोतं तुमीच काढा.

— सोडणार न्हाई तुला. पोलिसात जातो आत्ताच.

— जा की. कडी काढलीय. पण फोन वाजला, बघा तरी.

— थांब, बघतो.

— कुणाचा मेसेज?

— मायचा.

— काय म्हणती?

— म्हणती, "शिवा, आपल्या घरचं बी नुसतं बटणच दाबलंतंस का रं?"