आधी पंखा नीट करा

आई : तो माझाच आवाज होता. आता उगाच नाही म्हणू नकोस.

ताई : आई, औषधाच्या दुकानात सतरा जणांचे मोबाइल वाजत असतात.

आई : स्वतःचा आवाज ओळखू येऊ नये इतकी म्हातारी नाही झाले मी अजून. बाकावर दोघी बसल्या होत्या, चांगल्या घरच्या. मोबाइलमधून मी बोलतेय, मागे कसलंतरी टिणटिण संगीत, आणि त्या हसतायत. 'मरायचंच असेल तर आधी माडीवरचा पंखा नीट करा, मग मरा.' मग एकीनं मला पाहिलं आणि मोबाइल मांडीवर पालथा घातला. तिथंच कळलं मला.

ताई : तू काही बोललीस?

आई : काय बोलणार? गोळ्या घेतल्या, घरी आले. आता तुम्ही बोला. दोघांना माहीत होतं ना?

धाकटा : आई, ते कुणीतरी कापून पसरवलंय. तेवढाच तुकडा. मूळ व्हिडिओ बाबांच्या खात्यावर आहे, त्याचा पासवर्ड आज सापडला मला. आता काढतोच आहे. बटण दाबायचंच बाकी आहे.

आई : दाबू नकोस.

ताई : दाब रे.

आई : हात लावलास तर बघ! मला पाहायचंय ते.

ताई : काय पाहायचंय? तू होतीस ना तिथं!

आई : होते म्हणूनच. मला त्यातलं काही आठवत नाही धड. चहा घेऊन आत गेले, हे टेबलावर डोकं टेकून पडलेले. समोर रेडिओ उघडा, मोबाइल त्या स्टँडवर. मला वाटलं, परत सुरू झालं यांचं.

धाकटा : सगळ्यांना तेच वाटलं, आई. रेडिओ दुरुस्त करताना लाइव्ह दाखवायचे ना, त्यात महिन्यातून एकदा तरी शॉक लागल्याचं नाटक करायचे बाबा. डोळे फिरवायचे, जीभ बाहेर. त्यावरच तर लोक यायचे. रेडिओ कुणाला दुरुस्त करायचाय आजकाल? त्या दिवशीही ते पडले आणि खाली हसऱ्या चेहऱ्यांची नुसती रांग लागली.

ताई : मी ऑफिसात बघत होते. मला कळलं, कारण नाटक करताना ते चष्मा आधी काढून ठेवायचे, फुटेल म्हणून. त्या दिवशी चष्मा डोळ्यांवरच होता. तुला फोनवर फोन केले मी.

आई : माझा फोन आत चार्जिंगला होता.

ताई : माहितीय. तुला दोष नाही देत मी.

आई : तू नाही देत. लोक देतायत. इतकी वर्षं वॉर्डात नर्स होती आणि नवऱ्याचं कळलं नाही, असं लिहिलंय ना खाली?

धाकटा : तुला कुणी सांगितलं?

आई : म्हणजे लिहिलंय. बरं. एकच विचारते, खरं सांग. मी आत गेले तेव्हा हे होते की गेले होते?

ताई : डॉक्टर म्हणाले ना, क्षणात गेले.

आई : डॉक्टर दारातून आले तेव्हा सगळं संपलं होतं. त्यांना काय ठाऊक? वॉर्डात मीही हेच सांगायचे नातेवाइकांना. तू माझ्याकडे बघून सांग.

धाकटा : ताई, दाखव तिला.

ताई : तू गप्प बस! तुला काय, दाखवून मोकळा होशील. इथं तिच्याजवळ मी झोपते.

आई : म्हणजे होते.

ताई : आई...

आई : लाव. आवाजासकट.

(ताई संगणक आईकडे वळवते. धाकटा खुर्ची सरकवून देतो, पण आई उभीच राहते.)

व्हिडिओतली आई : पुरे झाला तमाशा. उठा, चहा निवतोय. आणि मरायचंच असेल तर आधी माडीवरचा पंखा नीट करा, मग मरा.

धाकटा : बंद करू?

आई : थांब. कपाचा आवाज का झाला?

ताई : बघ पुढे.

व्हिडिओतली आई : अहो, हात सोडा. सांडेल ना चहा.

आई : मनगट धरलंय माझं.

ताई : हो.

आई : घट्ट धरलंय. बोटं बघ. गेलेल्या माणसाच्या हातात हा जोर नसतो. आणि मी म्हणतेय, सोडा.

ताई : म्हणूनच नको म्हणत होते मी. म्हणूनच!

आई : आता तिथं मला कळलंय, बघ. कप टाकला मी. खाली घेतलं त्यांना. छाती दाबतेय. मोजतेय मोठ्यानं. हे सगळं आहे की यात.

धाकटा : तुकड्यात हे नाही. पंख्यापाशीच कापलंय त्यांनी.

आई : कोपरं सरळ आहेत माझी. हात चुकलेला नाही कुठं. मला वाटायचं, घाबरून नुसती रडत बसले असेन.

ताई : तू रडलीच नाहीस. डॉक्टर दारात येईपर्यंत दाबत होतीस. मी ऑफिसातून निघाले, मोबाइलवर बघतेय आणि काहीच करता येत नाहीये, रिक्षात बसून नुसती ओरडतेय, अजून आई, अजून.

आई : वेडी. इकडे ये.

ताई : जाताना तुझं रागावणंच ऐकलं गं त्यांनी.

आई : अगं, मग कुणाचं ऐकणार? लग्न झाल्यापासून तेच तर ऐकत आले. मी गोड बोलले असते तर घाबरले असते बिचारे.

धाकटा : आई, हा पूर्ण व्हिडिओ ठेवायचा का? लोकांना कळू दे तरी, तू काय केलंस ते.

आई : कुणाकुणाला दाखवत बसू? त्या बाकावरच्या दोघींना? मला बघायचं होतं, बघितलं. तुमचे बाबा जमिनीवर पडलेत, शर्ट फाटलाय, हे कुणी बघू नये आता. काढ.

धाकटा : तुकडे फिरतच राहतील पण.

आई : फिरू देत. आपल्या घरातून तरी जायला नको. काढ म्हणते ना.

धाकटा : विचारतंय, नक्की काढायचा का म्हणून.

आई : सगळ्या जगाला दाखवलं तेव्हा नाही विचारलं कुणी. हो म्हण त्याला.