बाईंची काच आणि माझा दोनचा चहा

...आणि वर लोक मलाच म्हणतात, तुमची सोय झाली! कसली सोय? तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं मी म्युझियमच्या जुन्या इमारतीच्या दारावर पहारा करतोय, आणि माझा दोनचा चहा कधी साहेबांच्या नजरेला पडला नव्हता. पडला. कुणामुळे? आर्किटेक्ट बाईंमुळे. पण बाई हुशार, नाही म्हणणारा मी कोण!

दोन इमारती, मधे हिरवळ, आणि दोन्हींना जोडणारी काचेची वाट करायची. मला वाटलं, झालं, आता आमच्या दगडी भिंतीची चाळण होणार... तर एक खिळा मारला नाही हो! काच आपल्या पायांवर उभी, भिंतीपासून चार बोटं लांब, चांगल्या भाडेकरूसारखी. इकडची जमीन तिकडच्यापेक्षा हातभर उंच, तर उतार असा दिला की आईला चाकाच्या खुर्चीतून नेलं, तर पलीकडे पोचल्यावर विचारते, "उतार कधी येणार?" बाई हुशारच.

पण नकाशाआधी आठवडाभर त्या माझ्या शेजारी स्टुलावर बसल्या, माणसं कुठून चालतात ते बघत. हिरवळीवर पायवाट पडलेली, मधेच वाकडी, झुडपांमागून जाणारी. विचारतात, "काका, सरळ सोडून सगळे असे वळून का जातात?" आता काय सांगू? की सरळ गेलं तर साहेबांची खिडकी लागते, चहाची किटली तिकडच्या तळघरात, आणि वाट माझ्याच चपलांनी पाडलीय, बाकीचे नुसते मेंढरासारखे मागून? बोलून गेलो, "तिकडून वारा छान लागतो." त्यांनी वहीत लिहून घेतलं!

आणि काच तश्शी वळवली. लोक थांबतात, मान वाकडी करून बघतात, म्हणतात काय वळण आहे! खरंच आहे, मीही बघत उभा राहतो. उजेड यावा म्हणून झुडपं तेवढी काढली...

उद्घाटनाला साहेबांनी विचारलंच, हे वळण कशासाठी? बाई म्हणाल्या, "मी नाही काढलं, कुणाच्या तरी पायांनी काढलं. मी फक्त वर काच घातली." साहेबांनी वळण बघितलं, आपली खिडकी बघितली, मग मला बघितलं. बाई हुशार, पण इतकं खरं बोलायची काय गरज होती?

दुसऱ्या दिवशी दोनला निघालो. लपणार कुठे? खिडकीत साहेब उभे. म्हटलं, गेली नोकरी. तर त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच कप तोंडाला लावायची खूण केली... करता काय! हल्ली दोन कप आणतो. त्यांचा बिनसाखरेचा.