आख्ख्या रावेतमध्ये एक कुत्रं उपाशी नाही

...खातंय कुठलं, हुंगतंय नुसतं! तुम्हाला सांगतो, बाजरीचा गरम रोडगा, वर तुपाची धार, शेजारी वांग्याचं भरीत, कांद्याची पात, सगळं पितळी ताटात मांडून मी पंचेचाळीस वर्षांचा बाप्या गॅलरीत गुडघ्यावर बसलोय, "खा रे बाळा, खा गं बाई" करतोय, आणि समोर आमची दोन कुत्री, काळ्या आणि ब्राउनी, माझ्याकडं अशी बघतायत की मी त्यांना विम्याची पॉलिसी विकायला आलोय. काळ्यानं एकदा नाक लावलं आणि मान फिरवली. ब्राउनीनं तेवढेही कष्ट घेतले नाहीत, जांभई दिली.

बरं, एरवी ही दोघं काय खात नाहीत ते विचारा! माझा सेफ्टी शूज खाल्ला, तोही डावाच. उजव्याला तोंड लावलं नाही, का, तर ते त्यांनाच माहीत. आमच्या लेकीची, हर्षालीची, कॉलेजची जर्नल खाल्ली. गॅसचं पुस्तक खाल्लं. टीव्हीच्या रिमोटवरचं आवाज कमी करायचं बटण खाल्लं, तेव्हापासून आमच्या घरातल्या बातम्या पार्किंगमध्ये ऐकू जातात. सोफ्याचा स्पंज खाल्ला आणि वर माझ्याच उशीवर ओकून ठेवला. आणि मी चप्पल हातात घेतली रे घेतली की आतनं आईचा आवाज येणारच, "बोलायचं न्हाई. खंडेरायाचं जनावर हाय."

झालं! चप्पल खाली. ह्या घरात मला बोलता येतं, बायकोला बोलता येतं, पोरीला तर रोजच बोलता येतं, पण कुत्र्याला बोलायची सोय नाही, राव.

आता आई म्हणजे भागूबाई, वय वर्षं शहात्तर. आमचं गाव चाकणच्या पलीकडं. आमचे वडील गेले, गावाकडं एकटी राहते म्हणून दोन वर्षांपूर्वी मी तिला रावेतच्या फ्लॅटवर घेऊन आलो. टेम्पो लावला होता मी सामानासाठी. सामान काय आलं? दोन गाठोडी, देवाचे टाक आणि काळ्या. काळ्या पुढं ड्रायव्हरशेजारी बसला होता आणि आमची आई मागं. ब्राउनी आमच्या हर्षालीनं पार्किंगमधनं उचलून आणलेली, आठवडाभरासाठी म्हणून. कुठला आठवडा, ते मी अजून विचारतोय.

आणि आमचं कुलदैवत खंडोबा. खंडोबाच्या घराण्यात कुत्र्याला मान असतो, हे तुम्हाला माहीत असेलच. आमच्यात रीत अशी की चंपाषष्ठीला देवापुढं तळी उचलायची, देवाला नैवेद्य दाखवायचा, आणि दुसरं ताट कुत्र्यापुढं ठेवायचं. कुत्र्यानं तोंड लावलं की मग घरातल्यांनी जेवायचं, आधी नाही. लहानपणी गावाला हे सगळं दोन मिनिटांत उरकायचं. ताट ठेवायच्या आधी चार कुत्री दारात, ठेवल्यावर ताटसुद्धा सापडायचं नाही.

पण मागच्या वर्षी काय झालं! तळी उचलायला आम्ही पाच पुरुष जमलेलो, समोरच्या फ्लॅटमधला निरंजन, त्याचे भाऊ, वॉचमन धोंडीबा, "येळकोट येळकोट" चाललंय, आणि तेवढ्यात काळ्या चौरंगाखालनं येतो आणि देवाच्या ताटातला रोडगा उचलून पसार. देवाच्या आधी! आणि ब्राउनीनं भंडाऱ्यात तोंड घातलं, मग अंग झाडलं. निरंजनच्या पांढऱ्या शर्टाचं काय झालं ते मी सांगत नाही, तो अजून सांगतो. चार दिवस आमचं कुत्रं पिवळं, सोफा पिवळा, फ्रिज पिवळा. मी चप्पल घेतली... खंडेरायाचं जनावर हाय! चप्पल खाली. पण आई त्या दिवशी जेवली नाही नीट. देवाआधी ताट उष्टं झालं, हे तिनं वर्षभर मनात ठेवलं.

म्हणून ह्या वर्षी मी ठरवलं, प्लॅनिंग! तुम्हाला सांगतो, मी दादासाहेब, चाकणच्या कंपनीत लाईन सुपरवायझर, चाळीस पोरं हाताखाली. मी सांगितलं की नट इकडचा तिकडं होत नाही. मग एक दिवस घर चालवायला काय होतंय? मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'चंपाषष्ठीला सकाळपासून कुत्र्यांना कोणीही, काहीही घालायचं नाही', खाली सही केली, तारीख टाकली आणि फ्रिजवर चिकटवला. वर सगळ्यांना उभं करून दम दिला, की ज्यानं घातलं त्याची खैर नाही. हिशोब सोपा. कुत्री देव जेवेपर्यंत बांधून ठेवायची, उपाशी असली की ताट ठेवल्याबरोबर खाणार, आई जेवणार, मी जेवणार, दोन दहाची कंपनीची बस पकडणार. माझी सेकंड शिफ्ट होती.

साडेअकराला तळी झाली. बारा वाजता ताट गॅलरीत. आणि पुढचं तुम्ही ऐकलंच, हुंगलं आणि मान फिरवली!

साडेबारा वाजले. मी भरीत वेगळं केलं. पुनमनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, रोडगा कुस्करून तुपात कालवला. हर्षालीनं स्वतः खाऊन दाखवायचं नाटक केलं. मी तर, खोटं सांगत नाही, गॅलरीत चार पायांवर उभा राहून ताटाकडं तोंड नेलं, समोरच्या बिल्डिंगमधल्या बाई कपडे वाळत घालता घालता थांबल्या. कुत्री ढिम्म. आणि आई तिथंच पाटावर बसलेली. आम्हाला म्हणत होती, तुम्ही जेवून घ्या, मी थांबते. पण ती थांबलेली असताना घास उतरतो का कोणाच्या घशाखाली?

आणि खरी भानगड पुढं आहे. आईला शुगर. सकाळी आठला गोळी घेतलेली, पोटात काही नाही. डॉक्टरनं शंभरदा बजावलंय, गोळी घेतली की खायचंच. मी म्हटलं, आई, निदान साखर तरी तोंडात टाक. तिनं मान हलवली. मागच्या साली चुकलं, ह्या साली चुकवायचं नाही. संपला विषय.

मी म्हटलं, आपलं नाही खात तर दुसऱ्याचं खाईल! रीत कुत्र्याची आहे, आधार कार्ड कोण बघतंय? ताट उचललं आणि निघालो खाली.

तुम्हाला सांगतो, एरवी आमच्या सोसायटीच्या गेटवर अकरा कुत्री असतात. मी मोजलीयेत, कारण अकराही जण माझ्या गाडीच्या सीटवर झोपतात. एरवी बिस्किटाचा कागद वाजला की आख्खी फौज अंगावर. त्या दिवशी गेलो तर सगळी उन्हात आडवी, पोटं टम्म, एकाच्या मिशीला भरीत. माझ्या लक्षात येईना. मग धोंडीबानं सांगितलं, साहेब, सकाळपासून हे सातवं ताट.

बरोबर आहे हो! खंडोबा काय माझ्या एकट्याचा आहे? खेडचे, बीडचे, नगरचे, निम्मं रावेत खंडोबाचं! प्रत्येकाच्या घरात रोडगा, प्रत्येक जण ताट घेऊन खाली! मी चौकात गेलो, तिथं तीन बाप्ये आधीच ताटं घेऊन फिरत होते. एका पांढऱ्या कुत्रीच्या मागं तर आम्ही चौघं लागलो, ती पुढं, आम्ही चार ताटं मागं, ती बिचारी जीव घेऊन नाल्यापलीकडं गेली. त्यातला एक जण मला म्हणाला, भाऊ, थेरगावला मिळेल का एखादं? आख्ख्या रावेतमध्ये एक कुत्रं उपाशी नाही!

एक वीसला वर आलो. घामाघूम. रोडगा गार. आणि बघतो तर आईचा चेहरा उतरलेला, कपाळावर घाम, मार्गशीर्षातला घाम बरं का, पंखा चालू. हात मांडीवर ठेवलाय आणि बोटं थरथरतायत. पुनम साखरेची वाटी घेऊन शेजारी, रडकुंडीला आलेली. आई ओठ घट्ट मिटून बसलेली. आणि ती दोन कुत्री तिच्या पायाशी घोरतायत! मला वाटलं, आत्ता एकेकाला उचलून... पण बोलायची सोय नाही, खंडेरायाचं जनावर!

आणि खरं सांगू का? बोलायला मला तोंडही नव्हतं. ते आता सांगतो. तुमच्यापाशी लपवून काय करू? सकाळी सात वाजता मी दोघांना फिरवायला खाली नेलं. दोघं भुकेनं अशी खेचत होती की माझा खांदा निखळायची वेळ. मला मागचं वर्ष आठवलं. म्हटलं, ही अशीच वर नेली तर दोऱ्या तोडून देवासकट खातील. कोपऱ्यावर अंड्याची गाडी लागते, नाईट करून सुटणाऱ्या पोरांसाठी. मी चार उकडलेली अंडी घेतली. दोन काळ्याला, दोन ब्राउनीला. चंपाषष्ठीला! खंडोबाच्या नवरात्रात! अंडी! आणि गुपचूप तोंडं पुसून वर आणली. बारा वाजल्यापासून मला माहीत होतं की कुत्री का खात नाहीत, आणि मी आईसमोर "कायतरी पोट बिघडलंय वाटतं" असं म्हणत होतो. स्वतःच्या आईसमोर, राव. तिची बोटं थरथरतायत, आणि मला माझ्या सहीच्या कागदाची इज्जत पडलेली!

मग मात्र मला राहवेना. मी आईपुढं खाली बसलो आणि सांगून टाकलं. अंडी घातली मी. माझं चुकलं. काय बोलायचं ते बोल, पण खा.

मला वाटलं, आता आकाश कोसळणार. तर पुनम साखरेची वाटी खाली ठेवून पदराशी चाळा करायला लागली. म्हणाली, आठ वाजता मी चार चपात्या घातल्या दोघांना, दारात येऊन रडत होती हो. मी तिच्याकडं बघतोय तोवर हर्षाली म्हणाली, पप्पा, मी नऊ वाजता पेडिग्रीचं पाकीट... अर्धं? नाही पप्पा, आख्खं. मी फ्रिजकडं बघितलं. माझी सही तिथंच होती, तारखेसकट.

मी आईकडं वळलो. म्हटलं, बघितलंस? ह्या घरात माझं कोण ऐकतं? तर आई खाली बघत होती. काळ्याच्या पाठीवर हात होता तिचा.

"पाच वाजता मीबी घातलं," ती म्हणाली. "दुधात भाकर. जनावर उपाशी बघवंना."

"अगं, मग बारा वाजताच का नाही सांगितलंस? मी आख्खं रावेत पालथं घातलं!"

"तू कागद लावला व्हतास. मला वाचता येत न्हाई, पर हर्षूनं वाचून दावला. म्हनलं, घर तुजं हाय, तू रागवशील."

तुम्हाला सांगतो, कंपनीत प्लांट हेडनं चारचौघांत झापलंय मला, तेव्हा काही वाटलं नव्हतं. हे लागलं. आतपर्यंत लागलं. जिनं मला काठी घेऊन शाळेत पोचवलं, ती बाई माझ्या कागदाला भिऊन दीड तास चक्कर सहन करत बसली होती. मी उठलो, तो कागद फाडला. फाडताना कागदाचा अर्धा तुकडा फ्रिजला चिकटून राहिला तो राहिलाच, नेमका सहीचा.

आईनं काळ्याचं पोट चाचपलं, मग ब्राउनीचं. "दोघांचं प्वाट भरलंय नव्हं? मंग द्येव जेवला." आणि वाकून दोघांच्या कपाळाला भंडारा लावला, वाटीतली साखर तोंडात टाकली आणि म्हणाली, वाढ गं पुनम. पाच महिन्यांनी तिनं वांगं खाल्लं, आषाढापासून बंद होतं. मिटक्या मारत खाल्लं. तिच्या तोंडावर रंग आला तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. वर मला विचारते, अंडी चांगली उकडल्याली व्हती ना, कच्ची बाधत्यात त्यास्नी.

बस अर्थातच गेली. मी शिफ्ट इनचार्जला, समाधान सरांना, फोन लावला. खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. सांगितलं, सर, आज रजा टाका, कुत्रं जेवेना. पलीकडनं हळूच आवाज आला, आमचंही खाईना, दादासाहेब, मीही घरीच आहे.

दुपारी जरा पडलो. चार वाजता उठून गॅलरीत गेलो तर पितळी ताट चाटून लख्ख, रोडगा नाही, भरीत नाही, ओट्यावर माझ्या रात्रीच्या जेवणासाठी झाकून ठेवलेलं होतं तेही नाही. दोन्ही कुत्री मिशा चाटत बसलेली, आणि आतल्या खोलीत आई, पुनम आणि हर्षाली तिघी जणी एकदम गप्प. मी ताट उचललं, धुतलं, जागेवर ठेवलं. कोणी घातलं, ते विचारलं नाही... आता तेवढं शिकलोय मी, राव.