भुऱ्याचं नाक

भाऊ हो, बायका हो, कुरखेड्यावरून आलेले पाहुणे, अन् सुमनचा घरवाला केशवभाऊ, तिची पोरगी लता.

माझ्यासारखीले तुम्ही बोलाले उभं केलं. मले सभेत बोलता येत नाई. मले झाडाखाली बसून बोलता येते. माहे अन् सुमनचे मोहाचे झाड बाजूबाजूले. मोहा वेचता वेचता ती तिकडून बोले, मी इकडून. आता झाड हाय, टोपली हाय, सुमन नाई. मंग मी कोणासंग बोलू?

सुमन मोहा वेचाले गेली अन् वाघानं नेली. हे सगळ्याइले माईत हाय. वनखात्याचे साहेब आले, पाहून गेले. पेपरात आलं, वाघाच्या हल्ल्यात महिला ठार. मी म्हणते, हे अर्धंच हाय. वाघ तर पहिलेही होता. आपल्या आज्याच्या वक्ताले होता. मंग आताच काऊन?

काऊन का तिच्यासंग भुऱ्या नोहता.

पाहुणे हो, भुऱ्या म्हणजे सुमनचा कुत्रा. मोहा वेचणारी बाई वाकून असते. वाकलेली बाई वाघाले बाई दिसत नाई, जनावर दिसते. तिची नजर जमिनीवर. मंग आजूबाजूले पाहाचं कोणी? कुत्र्यानं. भुऱ्या हवेत नाक धरे अन् गुरगुरे. तो गुरगुरला का आम्ही साऱ्या जणी टोपल्या टाकून एका जागी येवो, हाका मारो, डबे वाजवो. सुमन म्हणे, "रुखमाबाई, माहे डोळे खाली, भुऱ्याचं नाक वर. चाललं आपलं."

चाललं होतं. खरंच चाललं होतं.

हिवाळ्यात ढोराच्या दवाखान्यातले डॉक्टर आले होते. ते आजही आले हायेत, तिकडं मांगं बसले हायेत. शाळेपुढं कुत्र्याइले सुई देणार होते. त्याइनं समजावून सांगतलं, एक सुई पिसाळाची, एक डिस्टेंपरची, म्हणजे कुत्र्याइच्या साथीच्या रोगाची. म्हणे, हा रोग आला का त्याच्यावर औषध नाई, पहिलेच सुई द्या लागते. आपण माना हलवल्या.

अन् केलं काय? आपल्या गावात एक समज हाय. सुई मारली का कुत्र्याचं नाक बसते, त्याले वास येत नाई. कोणं सांगतलं, कधी सांगतलं, माईत नाई. पण आपल्याले पक्कं माईत. म्हणून जे कुत्रे कामाचे, जंगलात जाणारे, ते आपण त्या दिवशी वावरातल्या मांडवात बांधून ठेवले. अन् शाळेपुढं नेले कोणते? म्हातारे, खरजुले, दिवसभर चुलीजवळ झोपणारे. माही लंगडी मी नेली. तिच्या नाकाचं मले काय कराचं होतं?

डॉक्टरसाहेबानं सुमनले विचारलं, "बाई, तुमचा तो भुरा कुत्रा कुठं आहे?" सुमन म्हणे, "जंगलात गेला साहेब." मांडवात जाऊन तिनं त्याले भाकर टाकली. परत येताना मले हासून म्हणे, "वाचवला बाई त्याले."

वाचवला म्हणे.

मोहा पडाच्या तोंडावर तोच रोग आला. भुऱ्याचे डोळे चिपडले. नाक वाहाले लागलं. मंग ते नाक सुकलं, त्याले भेगा पडल्या. जे नाक जपलं, तेच. मंग त्याचा जबडा आपोआप कटकट वाजे, मांगचे पाय ओढे. सुमननं त्याले मांडीवर घेऊन पेज पाजली. डॉक्टरले बोलावलं. साहेब आले, सलाईन लावली. सुमन म्हणे, "आता द्या ना ती सुई. आता मी नाई लपवत." साहेब सलाईनची बाटली बदलाले लागले. त्याइनं कोणाले बोल लावला नाई. त्याच्यापेक्षा लावला असता तर बरं झालं असतं.

भुऱ्या गेला. गावातले कामाचे कुत्रे एकामांगं एक गेले. राह्यले ते म्हातारे अन् खरजुले. माही लंगडी राह्यली. रोज दारात बसून शेपटी हलवते. तिले पाहून मले राग येते, अन् तिचा तर काहीच गुन्हा नाई.

मी सुमनले म्हटलं, यंदा नोको जाऊ. ती म्हणे, "बाई, फूल खाली पडून राह्यलं, घरी बसून कसं पाहू?" गेली. मीही गेली. मी माह्या झाडाखाली होती. मले काहीच आयकू आलं नाई. मी आवाज देत राह्यली, तिकडून कोणी बोललं नाई. तिची टोपली अर्धी भरली होती.

लता, पोरी, तुह्या मायनं भुऱ्याले मायेनं लपवलं. मी तिले दोष देऊ शकत नाई. पण मायेनं कोणी वाचलं नाई, ना तो, ना ती.

डॉक्टरसाहेब म्हणतात, नव्या पिल्लाइले सुई देऊ. द्या साहेब. पण पिल्लाले जंगल शिकाले किती उन्हाळे लागतात? तवरक आम्ही कोणाच्या भरोशावर वाकाचं? अन् खरं सांगू? काल एक जण म्हणे, "पिल्लाले सुई दिली अन् नाक बसलं, तर?" केशवभाऊच्या आंगणात बसून म्हणे. त्या घरची चूल सुतकात अजून पेटली नोहती. तो काही वाईट माणूस नाई. तो इथीच बसला हाय. मी त्याले काय सांगू? सुमनकडं बोट दाखवून नाई समजलं, तर माह्या बोलण्यानं काय समजणार हाय?

मले आता बोलवत नाई.

उभे राहू सारे, दोन मिनिटं. पहिले या चावडीपुढं सभा भरली का कुत्रे मधातच भांडत. कोणाचं बोलणं आयकू येत नोहतं, आपण गोटे मारून हाकलून देवो. आज कोणाले हाकलावं लागलं नाई. उभे राहा. बोलू नोका. सुमनसाठी नुसतं आयका, किती चूप हाय आपलं गाव.