पास्टरची वही

टायरच्या दुकानात नंबर येईपर्यंत बाळ माझ्या मांडीवर झोपून गेलं. शेजारी आमचे पास्टर वेन्डल वहीत काहीतरी लिहीत होते आणि त्यांची बायको नोरीन वाकून बघत होती.

“पंक्चरवर प्रवचन?”

“सुंदर दाखला आहे गं! हळूहळू हवा जाते, तशीच श्रद्धा...”

“आणि गाडी खिळ्यावर मी घातली, तेही सांगशील?”

“प्रेमाने सांगेन.”

“मी बाथरूममध्ये कोंडून घेऊन रडले, तेही गेल्या रविवारी चर्चभर प्रेमानेच सांगितलंस. आता बायका मला मिठ्या मारून सांत्वनाला जेवणाचे डबे देतात. पुन्हा माझी गोष्ट सांगितलीस, तर मी चर्चला येणार नाही, वेन्डल.”

“अगं, मग रविवारी बोलू तरी कशावर?”

“येशूवर बोल की! त्याला बायको नव्हती. घरून तक्रार येणार नाही.”